नकुशीची वगार

धुरपदाला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९४ च्या श्रावणात. मांडवगण फराट्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक, गावाच्या तोंडी डॉक्टर. तिचा नवरा म्हस्कू मला बोलवायला आला. म्हैस पान्हा सोडत नाही, सुई मारा, एवढंच त्यानं सांगितलं.

गोठ्यात गेलो तर म्हशीच्या तोंडापुढं तिच्याच मेलेल्या रेडकाचं कातडं, आत पेंढा भरून, चार काटक्यांवर उभं केलेलं. म्हैस ते चाटत होती. मधेच थांबायची, हुंगायची, मान बाजूला घ्यायची, आणि पुन्हा चाटायची. दूध मात्र सोडत नव्हती.

धुरपदा दाराशी उभी होती. तेव्हा चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर मोठं गोंदण.

"डाक्टर, ह्यांना सांगा ते काढायला," ती म्हणाली. "म्हशीला कळतंय. सगळं कळतंय तिला."

म्हस्कू म्हणाला, "आन् धार कुनी द्यायची? तू?"

मी सुई दिली नाही असं आज सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी दिली. नवा होतो, आणि गावात तशीच रीत होती. सकाळी किटल्या डेअरीला गेल्या की सगळं ठीक चाललंय असं सगळेच समजायचे.

धुरपदाचा जन्म मेंढरांमागचा. तिचं माहेर वर्षातले आठ महिने वाटेवर असायचं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि कोकणच्या वाटेला लागायचं, आणि पावसाच्या आधी परत यायचं. वाटेत मेंढी व्याली की कोकरू उचलायचं काम पोरींचं. धुरपदानं आणि तिच्या पाठच्या बहिणीनं, नकुशीनं, किती कोकरं कडेवर वागवली असतील त्याला गणती नाही. नकुशी चौथी मुलगी, म्हणून तिचं तसं नाव ठेवलेलं. पण धुरपदाला ती एवढी हवीशी होती की लहानपणी चालून थकली की धुरपदा कोकरू घोड्यावरच्या जाळीत टाकायची आणि नकुशीला पाठीवर घ्यायची.

लग्नानंतरही काही वर्षं धुरपदा म्हस्कूच्या मेंढरांमागं चाललीच. मग घोडनदीच्या काठानं ऊस वाढला, पडीक रानं नांगराखाली आली, आणि वाटेवरचे ओळखीचे शेतकरी तोंड फिरवायला लागले. १९९३ ला म्हस्कूनं मेंढरं विकली. वाट्याच्या जमिनीत त्यानंही ऊस लावला, दोन म्हशी आणल्या आणि बायकोला सांगितलं, आता बसून खायचं.

"बसले," धुरपदा मला एकदा म्हणाली. "पन पाय बसंनात, डाक्टर. दिवाळी सरली की तळपायाला खाज सुटती बघा."

नकुशी मात्र अजून चालत होती. तिचा नवरा बिरदेव, त्यांची मेंढरं, मागं एक लहान मुलगी अंकिता. दर दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यांचा कळप मांडवगणवरून जायचा. एक दिवस तळ पडायचा आणि दोघी बहिणी तो दिवस डोळ्यांत तेल घालून जपायच्या. बाकीचं वर्ष धुरपदासाठी त्या दिवसाची वाट बघण्यात जायचं.

त्या कातड्याच्या प्रकारानंतरही पुढच्या वर्षी दुसऱ्या म्हशीचं रेडकू गेलं. का जात होती, ते मला कळत होतं, पण मी सांगितलेलं ऐकतं कोण? गावात जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय रेडकाला चीक पाजत नसत. जार कधी चार तासांनी पडायचा, कधी आठ. तोवर ते ओलं पोर भुकेलं पडून राहायचं. मग त्याला गोठ्याच्या पार मागं, वैरणीच्या गंजीआड, हातभर दाव्यानं बांधायचं. तिथं ऊन नाही, वारा नाही, खाली मुताचा चिखल. धार काढताना पान्ह्यापुरतं दोन घोट तोंडाला लावायचं आणि ओढून परत नेऊन बांधायचं. वगार, म्हणजे मादी, असली तर निदान कुणी बघायचं तरी. रेडा असला तर तो मेला तरी कुणाला वाईट वाटत नसे. आधी हगवण, मग जंत, मग छाती भरायची.

तिसऱ्या वेळी, १९९६ ला, म्हैस दुपारी व्याली. त्या दिवशी म्हस्कू बाजाराला गेला होता. घरात धुरपदा एकटी. तिनं रेडकाच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, म्हशीच्या पुढ्यात टाकून तिला चाटू दिलं आणि ते धडपडत उभं राहताच त्याच्या तोंडात सड दिला. म्हस्कू परत आला तेव्हा रेडकाचं पोट भरून ते झोपलं होतं.

म्हस्कू खवळला. "जार पडायच्या आधी पाजलंस? म्हस बाद व्हईल."

"मेंढी व्याली की तुम्ही काय करत व्हता?" धुरपदानं विचारलं. "कोकरू आधी आचळाला लावत व्हता, का जार पडायची वाट बघत बसत व्हता?"

तीस वर्षं म्हस्कूनं स्वतःच्या हातांनी कोकरं आचळाला लावली होती. जार त्या दिवशी उलट लवकर पडला. म्हस्कू बराच वेळ म्हशीकडं बघत बसला होता, असं धुरपदानं मला सांगितलं.

मग तिनं माळ्यावरून वाघूर काढली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, तिच्या बापानं लग्नात दिलेली. मेंढरं विकली तेव्हा म्हस्कू तीही देऊन टाकणार होता, पण धुरपदानं लपवून ठेवली होती. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत बाभळीच्या खुंट्या ठोकून तिनं ती जाळी गोल लावली, आत उसाचं कोरडं पाचट पसरलं आणि रेडकू आत मोकळं सोडलं. दावं नाही. शेजारणीची दोन रेडकंही तिनं दिवसा मागून आणली. "एकटं रेडकू खात न्हाई," ती म्हणायची. "दुसऱ्याचं बघून तोंड लावतं." चार दिवसांनी जागा ओली झाली की खुंट्या उपटायच्या आणि जाळी पुढं सरकवायची. दिवस मावळायला रेडकं पाचटाच्या छपरात घ्यायची आणि गार वाऱ्याच्या बाजूला पोती लावायची.

गाव हसलं. म्हशीच्या पोराला मेंढरागत कोंडलंय, म्हणून बायका बघायला यायच्या. धुरपदानं म्हस्कूकडून एक गोष्ट मात्र भांडून घेतली. पहिले तीन महिने चारातला एक सड रेडकाचा. त्याला हात लावायचा नाही.

"डेअरीत दूध कमी जाईल," म्हस्कू म्हणाला.

"जाऊ दे. पन कातडं न्हाई भरायचं माझ्या दारात."

ते रेडकू जगलं. त्याच्या पुढचंही जगलं. दोन वर्षांत तिच्याकडं एकही रेडकू मेलं नाही, आणि बायका हसायच्या थांबून विचारायला यायला लागल्या.

१९९९ ला माझ्याकडं एक काम आलं. शिरूर आणि दौंडच्या बाजूची काही रेडकं दर पंधरवड्याला फितीनं मोजायची, छातीचा घेर आणि लांबी लिहायची आणि त्यावरून वजन काढायचं. कोण कसं ठेवतं, काय पाजतं, खाली जमीन कसली, तेही लिहायचं. मी सायकलवर फिरत होतो. नदीपलीकडं दौंडच्या बाजूला एका बागायतदाराचा गोठा होता. उंच पत्रे, सिमेंटचा कोबा, पंखासुद्धा. पण कोब्यावर पाणी तुंबायचं आणि रेडकं ओळीनं आखूड दाव्याला बांधलेली. दुपारी पत्रा तापायचा, पहाटे गारठायचा. प्रत्येक खेपेला तिथलं एखादं रेडकू खोकत असायचं. सहा महिन्यांचं रेडकू माझ्या मांडीएवढं उंच आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

धुरपदाकडं गेलो की रेडकं फीत लावू द्यायची नाहीत, उधळायची. सगळ्यांत जास्त घेर तिच्याकडच्या रेडकांचा भरत होता. मी दोनदा मोजून बघितलं, फीत चुकली असेल म्हणून.

"मावशी, तुम्ही नक्की काय देता?" मी विचारलं.

"काय न्हाई. लवकर पाजायचं, कोरडं ठेवायचं, मोकळं सोडायचं. आन् सकाळी उठून बघायचं."

"काय बघायचं?"

"कोन खेळत न्हाई ते."

तेवढ्यात तिनं एका रेडकाकडं बोट केलं. मला ते बरंच दिसत होतं. ती म्हणाली, कान बघा. खरंच कान थोडे लोंबलेले होते. जंताचं औषध दिलं, तिसऱ्या दिवशी ते उड्या मारत होतं. माझ्या वहीत कानांसाठी रकाना नव्हता.

त्याच साली भादव्यात एक वगार जन्मली. कपाळावर पांढरा टिळा, शिंगांच्या जागी दोन मऊ गाठी. दिवाळीनंतर नकुशीचा कळप आला तेव्हा ती वगार दोन महिन्यांची होती. मी त्या दिवशी मोजमापाला गेलो होतो, म्हणून दोघी बहिणींना एकत्र पाहिलं. नकुशी ठेंगणी, उन्हानं रापलेली, बोलताना सारखी हसणारी. जाळीत उतरली आणि वगारीनं तिची बोटं चोखायला सुरुवात केली.

"आक्का, ही वाघूर बाची की गं," नकुशी जाळीवरून हात फिरवत म्हणाली.

"व्हय. आन् ती वगार तुझी."

"माझी? तळावर म्हस कुठं नेऊ मी? कोकणात?"

"आता न्हाई. जवा तुमी कुठं तरी बसाल तवा न्या. तवर मी मोठी करते."

नकुशी हसली. म्हणाली, आम्ही कधी बसायचो नाही. पण जाताना ती वगारीच्या कपाळाला कपाळ लावून आली. कळप पश्चिमेच्या शिवारातून रस्त्याला लागला, धूळ उठली, आणि धुरपदा ती खाली बसेपर्यंत उभी राहिली. मी फीत गुंडाळत होतो.

पुढची दिवाळी आली. धुरपदानं बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, अंकितासाठी करंज्या केल्या आणि रस्त्यावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस ती रोज जाऊन बसत होती. मी दवाखान्यातून येता-जाता तिला बघायचो. नवव्या दिवशी दुसरा एक कळप आला आणि त्या मेंढक्यानं सांगितलं, बिरदेवनं मेंढरं विकली. तो आता सणसवाडीत कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. बायको कुठल्याशा कँटीनमध्ये भांडी घासते.

धुरपदा घरी आली आणि गोठ्यातल्या कामाला लागली. पौष महिन्यात एका सकाळी तिनं वगारीच्या गळ्यात दावं घातलं.

"कुठं?" म्हस्कूनं विचारलं.

"सणसवाडीला. नकुशी बसली आता. तिची वगार द्यायला नको?"

"येडी झालीस का? टेम्पो सांगतो."

"टेम्पो नगं. मला चालत जायचंय."

म्हस्कूनं तिच्याकडं बघितलं. मग आत जाऊन त्यानं पोत्यात थोडी पेंड बांधून दिली, तिची भाकरी फडक्यात घातली आणि गावाच्या वेशीपर्यंत बरोबर चालत गेला. डांबरीच्या कडेनं चालू नको, खुरं झिजतील, मातीत चाल, दुपारी पाण्याजवळ थांब, असं सगळं सांगत राहिला. वेशीवर म्हणाला, "मला न्हेत न्हाईस व्हय?"

"म्हशींचं कोन बघंल?" ती म्हणाली.

तो तिथंच थांबला. तोही मेंढरांमागचाच होता.

मला हे सगळं तिनं नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी तिला मध्येच थांबवून काही विचारलं नाही. पहिला मुक्काम न्हावऱ्यात झाला. तिथं इमामबी नावाच्या बाईच्या अंगणात ती थांबली. इमामबीच्या शेळ्या होत्या. तिनं वगारीला पाणी दाखवलं, धुरपदाला कालवण वाढलं, आणि तिचा नवरा मेहमूद म्हणाला की तो दर शनिवारी टेम्पोनं भाजी घेऊन पुण्याला जातो, परत येताना काही लागलं तर शिक्रापुरात थांबेल. दुसरा मुक्काम तळेगाव ढमढेऱ्यात. दुपारच्या उन्हात वगार कालव्याच्या चारीतल्या पाण्यात बसली की धुरपदाही काठावर पाय सोडून बसायची. आठ वर्षांनी ती एवढं चालत होती. टाचा फुटल्या होत्या, आणि ती म्हणाली, "डाक्टर, लई बरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी ती सणसवाडीला पोचली. कंपन्यांच्या भिंती, चहाच्या टपऱ्या, मोबाइलच्या जाहिराती आणि मागं पत्र्याच्या खोल्यांच्या लांबच लांब ओळी. विचारत विचारत ती नकुशीच्या खोलीपाशी गेली. दहा खोल्या, एक नळ. नकुशी कामावर होती. धुरपदानं वगार विजेच्या खांबाला बांधली आणि तिच्याशेजारी मातीत बसून राहिली. आजूबाजूच्या बायका हिंदीत काहीबाही विचारत होत्या. खोल्यांचा मालक येऊन सांगून गेला, इथं जनावर चालायचं नाही.

दुपारी तीनला नकुशी आली. अंगावर कँटीनचा निळा अंगरखा, हात साबणानं पांढरे पडलेले. लांबूनच तिनं वगारीच्या कपाळावरचा टिळा ओळखला.

"आक्का! चालवत आणलीस?"

"तूच म्हनलीस, जवा बसू तवा न्यू."

"मी न्हाई म्हनले. तू म्हनलीस," नकुशी म्हणाली आणि हसली. मग वगारीच्या मानेला मिठी मारून ती खालीच बसली आणि तिला हसणंही आवरेना आणि रडणंही. "कुठं बांधू गं मी हिला? आमालाच पाय पसरायला जागा न्हाई."

"मेंढरं का इकली?"

"रानं कुठं ऱ्हायली? आन् अंकिताची शाळा. दर साली नवी शाळा, नवी पोरं. एक दिवस म्हनली, आई, मला एकाच बाकावर बसायचंय. बिरदेवनी दुसऱ्या दिवशी मेंढरं काढली."

धुरपदाला राग आला होता, तो कुणावर धरावा हे कळत नव्हतं. अंकिता शाळेतून आली, तिच्या पाठीवर दप्तर, केसांना लाल रिबिनी. मावशीच्या पाया पडली आणि मराठी पुस्तकातला धडा वाचून दाखवायला बसली. तो धडा ऐकताना धुरपदाचा राग गेला.

वगार दोन दिवस समोरच्या पडक्या जागेत राहिली. शनिवारी नकुशीनं अर्धी रजा टाकली आणि दोघी बहिणी वगारीला घेऊन शिक्रापूरला चालत निघाल्या, मेहमूदच्या टेम्पोपाशी. नगर रस्त्याच्या कडेनं ट्रक अंगावर येत होते. एका जागी वगार बुजली तेव्हा नकुशीनं तोंडानं तो मेंढरांचा आवाज काढला, जिभेवर घोळवून, लांबवून. वगार थांबली. धुरपदानंही तसाच आवाज काढला. मग शिक्रापूर येईपर्यंत दोघी आळीपाळीनं तोच आवाज काढत राहिल्या. स्कूटरवाले वळून बघत होते.

टेम्पोत चढवताना नकुशी म्हणाली, "तिकडंच राहू दे. पन माझीच म्हन."

"तुझीच हाय."

धुरपदा टेम्पोत वगारीच्या शेजारी मागं उभी राहून परत आली.

२००३ च्या मार्चमध्ये ती वगार व्याली. साडेतीन वर्षांची. गावात वगारी पाच-पाच वर्षांच्या होईपर्यंत व्यायच्या नाहीत. धुरपदानं आठ दिवस आधी नकुशीला निरोप पाठवला होता. निरोप उलटा आला की अंकिताची दहावीची परीक्षा चालू आहे, कँटीनमधून सुट्टी मिळत नाही. वगारीला सकाळी पारडी, म्हणजे मादी रेडकू, झाली. मी पोचलो तोवर म्हस्कूनंच बाह्या वर करून पारडीचं तोंड सडाला धरलं होतं आणि जार पडायची कुणी वाटही बघत नव्हतं. धुरपदा गोठ्याच्या दाराशी उभी राहून रस्त्याकडं बघत होती. मी म्हणालो, मावशी, त्या येणार नाहीत. ती म्हणाली, "म्हाईत हाय. बघायला काय व्हतंय?"

पारडीचं पोट भरल्यावर जो चीक उरला त्यातून तिसऱ्या दिवशी तिनं गूळ-वेलदोडे घालून खरवस केला. मी लसी आणायला पुण्याला निघालो होतो. सणसवाडी वाटेतच. तिनं स्टीलचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

नकुशी नुकतीच कामावरून आली होती. डबा उघडला आणि एक वडी तोंडात टाकून ती उंबऱ्यावर बसली. शेजारच्या खोलीतली बिहारकडची बाई डोकावली.

"ये क्या है, दीदी?"

नकुशीनं डबा पुढं केला. "घे. माझ्या म्हशीचा हाय."

"तुम्हारी भैंस है? कहाँ?"

नकुशीनं पूर्वेकडं हात केला, कंपनीच्या भिंतीच्या वरून, आणि मग मला विचारलं, पारडीच्या कपाळावर टिळा आहे का?

मी म्हणालो, आहे.